संगणक सुरू, पण पडदा काळा!



मागच्या अंकात आपण गांडूळ खताची माहिती वाचली. या अंकात मी संगणकाचा पाठ लिहीत आहे. यंदा जून महिन्यात आमच्या घरचा संगणक बिघडला. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण पडद्यावर काहीच दिसायचे नाही. बिघाड कसा शोधायचा हे मला त्यातून कळले. गुरुजी म्हणाले, "तुला कळलं ते सगळ्यांना सांग." म्हणून हा लेख.

आमच्या घरी काय झाले

आमचा संगणक जुना आहे. बाबांनी तो जालन्याहून सेकंड हँड आणला. माझी ताई त्यावर मराठी टायपिंग शिकते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांची टायपिंगची परीक्षा असते. तिच्यात एका मिनिटाला ३० शब्द या वेगाने टाइप करावे लागते. ताईची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. मोबाईलवर बोटे फिरवून हा सराव होत नाही, त्याला कळफलकच लागतो.

मृगाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी ताईने बटन दाबले. पडदा काळाच राहिला. परत दाबले, तरी काळाच. आजी म्हणाली, "काहून गं, तुझा टीव्ही काळा झाला?" ताई काहीच बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

बाबांनी तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला फोन लावला. त्याने न पाहताच सांगितले, "मदरबोर्ड गेला असेल. चार हजार लागतील." घरात तेवढे पैसे होते, पण ते खताचे होते. बाबा म्हणाले, "सकाळी बघू." त्या रात्री कोणीच नीट जेवले नाही.

संगणकाचे भाग

बिघाड शोधायचा तर आधी भाग माहीत पाहिजेत.

१) पडदा, म्हणजे मॉनिटर. याला स्वतःची वेगळी विजेची पिन व स्वतःचे वेगळे बटन असते. पडदा फक्त दाखवतो. विचार करण्याचे काम त्याचे नाही.

२) डबा. याला सगळे सीपीयू म्हणतात. पण खरा सीपीयू म्हणजे आतला एक छोटा चौकोनी भाग, तो संगणकाचा मेंदू आहे.

३) मदरबोर्ड. डब्यातली मोठी पाटी. सगळे भाग हिच्यावर बसवलेले असतात.

४) हार्ड डिस्क. हे कपाट आहे. लाईट गेली तरी यातले लिहिलेले पुसत नाही.

५) रॅम. ही एक लांबट पट्टी असते. ही म्हणजे आपली लिहायची पाटी. संगणक काम करताना तिच्यावर लिहितो आणि लाईट गेली की सगळे पुसून जाते. पाटीच नसेल तर गणित कुठे मांडणार? म्हणून रॅम नसेल तर संगणक सुरूच होत नाही.

६) पॉवर सप्लाय. घरात २३० व्होल्टची वीज येते. एवढी वीज आतल्या नाजूक भागांना सोसत नाही. हा भाग ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी कमी करून देतो.

७) कळफलक व माऊस. हे सर्वांना माहीतच आहेत.

बटन दाबल्यावर काय होते?

आपल्या शाळेत प्रार्थना झाली की गुरुजी हजेरी घेतात, मगच पाठ सुरू होतो. संगणकही बटन दाबल्याबरोबर हजेरी घेतो. मेंदू हजर आहे का? रॅम हजर आहे का? चित्र दाखवणारा भाग हजर आहे का? या हजेरीला 'पॉवर ऑन सेल्फ टेस्ट' म्हणतात, म्हणजे चालू होताना स्वतःच घेतलेली स्वतःची परीक्षा.

हजेरीत एखादा महत्त्वाचा भाग गैरहजर निघाला तर संगणक तिथेच थांबतो. पडद्यावर अजून काही आलेले नसते, मग तो सांगणार कसा? तो टूं टूं असा आवाज करून सांगतो. त्यासाठी बऱ्याच डब्यांत छोटा भोंगा असतो. आवाजाची भाषा कंपनीप्रमाणे वेगळी असते. लांब आवाज थांबून थांबून सारखा येत राहिला तर बहुधा रॅमची तक्रार असते. काही संगणकांत एक लांब व दोन छोटे आवाज आले तर चित्राच्या भागाची तक्रार असते.

बाबांची मोटर

सकाळी बाबा चहा पीत होते. मी विचारले, "बाबा, बोअरची मोटर बंद पडली की तुम्ही आधी काय बघता?"

बाबा म्हणाले, "आधी लाईट आहे का ते बघतो. मग स्टार्टरवर तिन्ही फेजचे दिवे लागलेत का ते. मग फ्यूज, मग केबल, मग केबलचा जॉइंट. हे सगळं बरोबर निघालं तरच मोटर वर काढायची. आधीच मोटर वर काढली तर मजुरी वाया जाते, अन् बिघाड निघतो फ्यूजचा."

मी म्हणाले, "मग आपण मदरबोर्ड आधीच कशाला बदलायचा? ती तर बोअरमधली मोटर झाली."

बाबा हसले. चहा तसाच ठेवून उठले आणि म्हणाले, "आण तुझी वही. एक एक बघू, अन् जे बघितलं ते लिहून ठेव." नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे होते.

आम्ही बाहेरून सुरुवात करून आत गेलो. माझ्या वहीतल्या परीक्षा अशा :

परीक्षा १ : वीज येते का?

बोर्डाच्या त्याच खटक्यावर मोबाईलचा चार्जर लावला. चार्जिंग सुरू झाले, म्हणजे बोर्ड चांगला. डब्याची व पडद्याची पिन दाबून बसवली. पडद्याचे बटनही पाहिले. लहान मुले खेळताना ते बंद करतात आणि मोठी माणसे डबा उघडून बसतात. काखेत कळसा, गावाला वळसा!
आमचे उत्तर : वीज बरोबर.

परीक्षा २ : पडदा जिवंत आहे का?

पडद्याच्या खाली बारीक दिवा असतो. तो मुळीच लागला नाही तर पडद्याला वीज नाही किंवा पडदा बिघडला. दिवा पिवळसर असेल किंवा उघडझाप करत असेल तर बहुधा पडदा चांगला आहे, पण त्याच्याकडे चित्र येत नाही.

दुसरी खूण अशी. पडदा चालू ठेवून चित्राची केबल डब्याकडून काढा. पडद्यावर 'नो सिग्नल' किंवा तसे काही लिहून आले तर पडदा चांगला. जो बोलतो तो मेलेला नाही.

तिसरी खूण. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले तर चित्र येत आहे, पण पडद्याच्या मागचा उजेड गेला आहे.
आमचे उत्तर : 'नो सिग्नल' आले. पडदा चांगला.

परीक्षा ३ : केबल

आमची केबल जुन्या पद्धतीची आहे, तिला व्हीजीए म्हणतात. तिचे टोक निळे असते. आत पाच-पाचच्या तीन ओळी, म्हणजे १५ टाचण्यांची जागा असते. दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे स्क्रू असतात. एखादी टाचणी वाकली आहे का ते पाहावे. काही केबलींत एक टाचणी मुळातच नसते, ते पाहून घाबरू नये.

या केबलीतून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी येतात. या तीन रंगांतूनच सगळे रंग बनतात. निळ्याची तार तुटली तर पांढरा कागद पिवळा दिसतो. बाबा म्हणाले, "हे फेजसारखंच झालं. एक फेज गेला की मोटर नुसती घूं घूं करते." पण आमचे तर तिन्ही रंग नव्हते.

नव्या संगणकाला एचडीएमआय नावाची चपटी केबल असते. तिला स्क्रू नसतात, म्हणून ती ढिली होते. डब्याच्या मागे चित्राच्या दोन जागा असतील आणि एक जागा खाली आडव्या कार्डावर असेल, तर केबल कार्डावरच लावावी.

शेजारच्या काकांकडून केबल मागून आणली व लावून पाहिली.
आमचे उत्तर : तरी 'नो सिग्नल'. केबल चांगली. काकांची केबल लगेच परत दिली.

परीक्षा ४ : डबा जागा आहे का?

कळफलकावर कॅप्स लॉक नावाचे बटन असते. ते दाबले की कळफलकावरचा दिवा लागतो, परत दाबले की विझतो. पडदा काळा असून हा दिवा लागत-विझत असेल तर डबा बहुधा जागा आहे, फक्त चित्राची वाट बंद आहे. दिवा लागत नसेल तर डबा हजेरीतच अडकलेला असू शकतो.

आमचा दिवा लागला नाही. तेवढ्यात ओट्यावरून आजी ओरडली, "अगं, ते काहून सारखं टूं टूं करायलंय?"

आम्ही सगळे गप्प झालो. खरेच, डब्यातून लांब आवाज येत होता. टूं… थांबून परत टूं… आदल्या संध्याकाळी पत्र्यांवर पावसाचा एवढा आवाज होता की कोणाला ऐकूच आले नाही. आजीला डोळ्यांनी कमी दिसते, पण कान चांगले आहेत.
आमचे उत्तर : लांब आवाज सारखा येतो. संशय रॅमवर.

परीक्षा ५ : जादा सामान काढणे

पेन ड्राइव्ह, प्रिंटर, स्पीकर असे जे लागलेले असेल ते काढावे. मग डबा बंद करून विजेची पिन काढावी आणि सुरू करायचे बटन १५ सेकंद दाबून धरावे. आत राहिलेली थोडी वीज त्याने निघून जाते. कधी कधी एवढ्यावरच संगणक सुरू होतो.
आमचे उत्तर : फरक नाही. आवाज तसाच.

परीक्षा ६ : रॅम

आता डबा उघडायची वेळ आली. हे काम लहान मुलांनी करू नये. बाबांनी केले, मी टॉर्च धरला. बाबांनी आधी विजेची पिन काढली. मग डब्याच्या पत्र्याला हात लावला, कारण आपल्या अंगातली स्थिर वीज रॅमला बाधते. थंडीत स्वेटर काढताना चट्चट् होते, तीच ही वीज.

आत धुळीचा थर होता. बाबांनी मऊ ब्रशने धूळ झाडली. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही टोकांचे खटके बाजूला केले की पट्टी वर येते. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी रेघा असतात. मी एका बाजूच्या मोजल्या, त्या १२० भरल्या. दोन्ही बाजूंच्या मिळून २४०. त्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही. पण त्यांच्यावर धूळ व मळ बसतो आणि मग जोड लागत नाही.

रेघा हलक्या हाताने खोडरबराने पुसतात. माझ्या कंपासातले पांढरे खोडरबर दिले. बाबांनी हळू पुसले, भुगा ब्रशने झाडला आणि पट्ट्या कट् असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. पुष्कळ वेळा एवढ्याने काम होते.

आमचे झाले नाही. परत टूं…

ताई म्हणाली, "जाऊ द्या बाबा." पण बाबा म्हणाले, "दोन बैल जोडले अन् गाडी हलत नाही, तर अडतंय कोण ते एक एक जुंपूनच कळतं." मग आम्ही असे केले. दर वेळी आधी पिन काढली आणि एका वेळी एकच बदल केला. माझ्या वहीतला तक्ता :

पहिली पट्टी एकटी, पहिल्या जागेत : आवाज.
पहिली पट्टी एकटी, दुसऱ्या जागेत : आवाज.
दुसरी पट्टी एकटी, दुसऱ्या जागेत : पडदा लागला!
दुसरी पट्टी एकटी, पहिल्या जागेत : पडदा लागला.

यावरून काय कळले? दोन्ही जागा चांगल्या, म्हणजे मदरबोर्ड चांगला. दुसरी पट्टी चांगली. बिघडली ती फक्त पहिली पट्टी. चौथी ओळ घेतली नसती तर पहिली जागाही खराब आहे असे वाटले असते.

पडदा लागला तेव्हा ताईने मला उचललेच! आता आमचा संगणक अर्ध्या पाटीवर चालतो. सुरू व्हायला वेळ लावतो, पण टायपिंगला तेवढी पुरते. दुसरी पट्टी पीक निघाल्यावर घेऊ.

परीक्षा ७ : बटन सेल

ही परीक्षा आम्हाला लागली नाही, तरी सांगते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. नावातच माप आहे. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. तो ३ व्होल्टचा असतो. संगणक बंद असतानाही घड्याळ त्यावर चालते. रोज तारीख चुकीची दिसू लागली तर सेल संपला असे समजावे. पिन काढून हा सेल काही मिनिटे बाहेर ठेवला तर बऱ्याच संगणकांच्या सुरुवातीच्या चुकीच्या सूचना पुसल्या जातात. मोठ्यांनी हेही करून पाहावे.

चित्र येऊन मग काळे झाले तर?

आधी कंपनीचे नाव दिसले आणि मग पडदा काळा झाला, तर हजेरी पूर्ण झाली आहे. मग रॅमच्या मागे लागू नये. दोष बहुधा आतल्या प्रोग्राममध्ये असतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटने एकदम दाबून पाहावीत. त्याने चित्राचा प्रोग्राम नव्याने सुरू होतो.

संगणकातला पतंग

गुरुजींनी एक खरी गोष्ट सांगितली. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा 'मार्क २' नावाचा खोलीएवढा संगणक बिघडला. माणसे शोधत शोधत आत गेली, तर एका रिलेत दिव्यावर येतो तसला पतंग अडकलेला! रिले म्हणजे आपल्या स्टार्टरमध्ये असतो तसा विजेने उघडझाप करणारा खटका. त्यांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवले. ती वही अमेरिकेच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आपल्या देशातही मोठा संगणक तयार झाला होता. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झाला. त्याचे नाव टिफरॅक. पुढे १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने परम हा महासंगणक तयार केला. एवढे मोठे संगणक करणारी माणसेसुद्धा बिघाड शोधताना एक एक भाग तपासतात आणि लिहून ठेवतात. आम्हीही तेच केले.

लक्षात ठेवा

१) पॉवर सप्लायचा बंद डबा कधीच उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.
२) जुन्या फुगीर काचेच्या पडद्यात हजारो व्होल्ट असतात. तो घरी उघडू नये.
३) ओल्या हाताने पिन धरू नये. जमीन ओली असेल तर पायांत कोरडी चप्पल असावी.
४) विजा कडाडत असताना संगणकाच्या सगळ्या पिना काढून ठेवाव्यात.
५) जळाल्याचा वास आला, धूर निघाला किंवा ठिणगी उडाली तर तपासत बसू नये. मेन खटका बंद करून मोठ्यांना बोलवावे.
६) दुकानात न्यायची वेळ आलीच तर आपण केलेल्या परीक्षांचा कागद सोबत न्यावा.

शेवटी

पालकांनो, माझे बाबा सातवी शिकलेले आहेत. त्या दिवसापर्यंत त्यांनी संगणकाला हात लावला नव्हता. "आपल्याला त्यातलं काय कळतं?" असे ते म्हणायचे. पण बिघाड त्यांनीच शोधला, कारण मोटर कशी तपासायची ते त्यांना येत होते. तुम्हालाही येते. म्हणून यंत्र बंद पडले की लगेच घाबरू नका आणि न पाहता पैसे देऊ नका.

खताचे पैसे खतालाच गेले. ताईने बाराच्या बारा दिवस सराव केला. परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. आला की पुढच्या भित्तिपत्रकात लिहीन.

स्वाध्याय

१) संगणक हजेरी कशाकशाची घेतो?
२) पडद्यावर 'नो सिग्नल' आले तर पडदा बिघडला असे म्हणता येईल का? कारण सांगा.
३) पांढरा कागद पिवळा दिसला तर कोणत्या रंगाची तार तपासाल?
४) आमच्या तक्त्यातली तिसरी ओळ झाल्यावर आम्ही थांबलो असतो तर काय कळले नसते?
५) घरी विचारा : मोटर, सायकल किंवा गिरणी बंद पडली तर आधी काय बघतात? उत्तर वहीत लिहून आणा.

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी